प्रतिकारशक्ती आणि निरोध

‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द मराठीत इतका रूढ झाला आहे की, त्यातील ‘शक्ती’ या उत्तरपदामुळे होणारी दिशाभूल सहसा लक्षात येत नाही. शक्ती जितकी अधिक तितकी बरी, असा अर्थ त्यातून ओघानेच निघतो. शरीरातील वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. रोगजंतूंचा नाश करणाऱ्या पेशींना आवरणारी योजनाही त्या पेशींच्याच पृष्ठभागावर असते. तिच्यावाचून प्रतिकार आत्मघातकी ठरतो.

या योजनेतील प्रमुख घटक म्हणजे निरोधक ग्राही. पेशीच्या आवरणात बसलेले, बाहेरील विशिष्ट रेणू ओळखून त्याची वार्ता आत पोचविणारे प्रथिन म्हणजे ग्राही होय. टी-पेशी ही रक्तातील पांढऱ्या पेशींचा एक प्रकार आहे. तिला कार्यप्रवृत्त होण्यास दोन संकेत लागतात : पहिला, परक्या द्रव्याची ओळख पटल्याचा, दुसरा, सीडी-२८ या ग्राहीमार्फत मिळणाऱ्या अनुमोदनाचा. पेशी उद्दीपित झाल्यावर तिच्या पृष्ठभागावर सीटीएलए-४ हा ग्राही येतो. सीडी-२८ ज्या रेणूंशी जोडला जातो, त्यांच्याशीच हा कितीतरी अधिक घट्ट जोडला जातो. साहजिकच अनुमोदन क्षीण होते. पीडी-१ या ग्राहीची रीत वेगळी आहे. जोडीदार रेणू भेटताच तो पेशीच्या आत फॉस्फेट-गट काढून टाकणारे विकर ओढून घेतो आणि उद्दीपनाची साखळी खंडित करतो.

निरोधाचे महत्त्व कळले ते त्याच्या अभावातून. सीटीएलए-४ नसलेल्या उंदरांवरील प्रयोग १९९५ मध्ये प्रसिद्ध झाले. ते उंदीर तीन-चार आठवड्यांतच दगावले. त्यांच्या टी-पेशी बेसुमार वाढून हृदयादी अवयवांत शिरल्या होत्या. पीडी-१ चे जनुक क्योटो येथे तासुकु होंजो यांच्या प्रयोगशाळेत १९९२ मध्ये सापडले, ते पेशींच्या नियोजित मृत्यूचा अभ्यास चालू असताना. त्याचे नावही मृत्युवाचकच पडले. १९९९ मध्ये, हे जनुक नसलेल्या उंदरांना स्वतःच्याच ऊतकांवर उलटणारा विकार जडतो असे आढळले आणि त्याचे खरे कार्य निरोधाचे असल्याचे स्पष्ट झाले. नाव मात्र तेच राहिले.

कित्येक कर्करोगपेशी पीडी-१ चा जोडीदार रेणू धारण करून टी-पेशींना थोपवितात. हा निरोध उठविल्यास प्रतिकार पुन्हा जागा होईल काय? सीटीएलए-४ ला अडविणाऱ्या प्रतिपिंडाने उंदरांतील गाठी विरतात, हे जेम्स ॲलिसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये दाखविले. त्या तत्त्वावरील पहिले औषध, इपिलिमुमॅब, अमेरिकेत २०११ मध्ये मान्य झाले. २०१८ चे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक ॲलिसन व होंजो यांना विभागून मिळाले.

तथापि या औषधांनी काही रुग्णांत आतडी, त्वचा, यकृत वा अंतःस्रावी ग्रंथी यांवर त्यांच्याच पेशींचा हल्ला होतो. निरोध उठला की लाभ आणि अपाय एकाच वाटेने येतात. ‘प्रतिकारशक्ती’ हा शब्द टाकून देण्याचे कारण नाही. परंतु ती ‘वाढविण्या’ची भाषा ऐकताना, आवरणे हाही तिचाच एक व्यापार आहे, हे ध्यानी ठेवणे अगत्याचे आहे.