शेजारची हरळी कुंपणापलीकडेच रोखायची तर

सी. राजगोपालाचारींच्या नावाने वसलेल्या बंगळुरूच्या राजाजीनगरात दोन घरांमध्ये बहुतेकदा एक भिंतच असते. पलीकडचा प्लॉट रिकामा असला, की अलीकडच्या हिरवळीत हरळी हमखास डोकावते.

गणपतीला दूर्वा म्हणून हवी असणारी ही हरळी दोन वाटांनी पसरते: जमिनीवर सरपटणाऱ्या फुटव्यांनी आणि मातीखालच्या खोडांनी. कुदळीने खणून तिचे तुकडे केले, तर डोळा असलेल्या प्रत्येक तुकड्यापासून नवी हरळी उगवू शकते. त्यामुळे आधी वाट अडवावी. हद्दीलगत वीतभर खोल चर खणून त्यात जाड प्लास्टिकचा पट्टा किंवा कडप्पा उभा बसवावा, वरची कड जमिनीपेक्षा दोन बोटं उंच ठेवावी. ती ओलांडणारे फुटवे दर पंधरवड्याला कापावेत. हरळीला सावली सोसत नाही, म्हणून कुंपणाशी दाट झुडपं लावल्यास तिचा जोर कमी होतो. तणनाशकाची घाई नको; अनेक लॉन हरळीच्याच निवडक जातीचे असतात, आणि औषधाला घरची-परकी कळत नाही.

लव्हाळ्याचं दुखणं वेगळं. पात उपटली तरी गाठी मातीत राहतात, त्या खणूनच काढाव्या लागतात.

गाजरगवत मात्र बियांनी येतं, त्याला पट्टा काय अडवणार? त्याच्यावर सोडण्यासाठी मेक्सिकोतून आणलेले भुंगेरे 1984 मध्ये बंगळुरूतच प्रथम सोडले गेले. ते पानं फस्त करतात, पण मुख्यतः पावसाळ्यात. तेव्हा फुलं येण्याआधी, हातमोजे घालून, शेजाऱ्यांना सांगून त्यांच्या बाजूचंही उपटावं.