पूर आल्यावर गाव कशातून सोडायचं? ट्रॅक्टर, पिकअप की बोट. आधी ओढ्यावरचं पाणी बघा

शिरोळ : राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडल्याची बातमी आली, नृसिंहवाडीत दक्षिणद्वार सोहळा झाला की नदीकाठच्या गावांत एकच विषय सुरू होतो. यंदा बाहेर पडायला लागतंय काय? 2005, 2019 आणि 2021 असे तीन महापूर या तालुक्याने बघितलेत. तरीही बरीच घरं शेवटच्या घटकेला निघतात. माणसं अडत नाहीत, जनावरं अडवतात. दावणीला चार म्हशी असलेला माणूस एसटीत बसून जाणार कसा, हा प्रश्न खरा आहे. म्हणून कोणतं वाहन कधी कामाचं आणि कधी जीवघेणं, हे पाणी यायच्या आधीच घरात ठरलेलं बरं.

आपल्याकडचा पूर घाटातल्यासारखा धावत येत नाही, चढत येतो. कृष्णेला फूग आली की पंचगंगेचं पाणी पुढं सरकत नाही, आणि मग ओढे उलटे भरायला लागतात. इथंच माणूस फसतो. गावठाण उंचावर असतं, ओढ्यावरचा पूल खाली असतो. त्यामुळे घराच्या उंबऱ्याला पाणी लागायच्या कितीतरी आधी रस्ता पाण्याखाली गेलेला असतो आणि गावाचं बेट होतं. ‘दारात पाणी आलं की निघू’ हा हिशोब त्यामुळे चुकतो. लक्ष दाराकडे नको, बाहेर जाणाऱ्या रस्त्यावरच्या सगळ्यात खोलगट जागेकडे ठेवायचं. तो ओढा कोरडा आहे तोवर कुठलंही वाहन चालतं. तो भरला की निवड संपली.

कोल्हापुरात राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची 40 आणि 45 फूट. 2019 ला आयर्विनजवळ पाणी 57 फुटांवर गेलं होतं. हे आकडे रोज मोबाईलवर येतात, पण त्यांचा उपयोग तेव्हाच, जेव्हा ‘कोल्हापुरात इतके फूट झाले की आपल्या ओढ्यावर पाणी येतं’ हे गावात कुणीतरी लिहून ठेवलेलं असतं. प्रत्येक गावातल्या जाणत्या माणसाला हे तोंडपाठ असतं. त्यांना विचारून भिंतीवर खडूनं लिहायला काय जातंय?

आता वाहनांचं. मोटारसायकल सगळ्यात आधी साथ सोडते. सायलेन्सर खाली असतो, पाणी आत गेलं की गाडी बंद, आणि वाहत्या पाण्यात बंद पडलेली गाडी सावरताना माणूस आडवा होतो. चारचाकीवर लोकांचा जास्त भरवसा असतो, तो चुकीचा आहे. साधा हिशोब करा. छोट्या कारचा तळ साधारण 4 मीटर लांब आणि दीड मीटर रुंद, म्हणजे 6 चौरस मीटर. तळाच्या वर दर 10 सेंटिमीटर पाणी चढलं की ते गाडीला 600 किलोनं वर ढकलतं. गाडीचं वजन असतं हजार किलोच्या आसपास. म्हणजे रस्त्यावर सव्वा फूट पाणी झालं की गाडी तरंगायच्या बेताला येते. पाणी वाहतं असेल तर त्याच्या आधीच, फूटभर पाण्यातच, टायरची पकड सुटते. दोन फूट वाहतं पाणी मोठ्या गाड्यासुद्धा ओढून नेतं.

‘ट्रॅक्टरला काय होतंय’ असं म्हणायची आपल्याकडे सवय आहे. ट्रॅक्टर जड, मागची चाकं उंच, सायलेन्सर वर, डिझेल इंजिनला ठिणगी लागत नाही, हे सगळं खरं. पण माणसं ट्रॅक्टरवर नसतात, मागच्या ट्रॉलीत असतात. रिकामी किंवा माणसांनी भरलेली ट्रॉली म्हणजे पाण्याला आडवा लावलेला पत्र्याचा डबा. प्रवाह तिच्या बाजूवर दाबतो, ती रस्त्याच्या कडेला सरकते आणि ट्रॅक्टरलाही मागं ओढते. गढूळ पाण्यात रस्त्याची कड कुठं संपली ते ड्रायव्हरला दिसत नाही. ऑगस्ट 2024 मध्ये याच तालुक्यात अकिवाट-बस्तवाड रस्त्यावर पुराच्या पाण्यातून निघालेला ट्रॅक्टर ट्रॉलीसह उलटला आणि माणसं वाहून गेली. रस्ता रोजचा, पायाखालचा होता.

तेव्हा ट्रॅक्टर वापरायचा तो रस्ता उघडा असताना, आणि जनावरांसाठी. उसाच्या हंगामात दोन ट्रॉल्या जोडतात तसं इथं करू नये, एकच ट्रॉली. तळाला पाला किंवा वैरण पसरली तर खूर घसरत नाही. ट्रॉली बांधाच्या उंचवट्याला लावून मागचा फाळका उघडला की म्हैस चढते, नाहीतर ओढाताणीत तासभर जातो. दावं आखूड बांधायचं. जनावरांच्या ट्रॉलीत बायका-पोरं बसवू नयेत, बिथरलेली म्हैस माणूस बघत नाही. म्हातारी माणसं, बाळंतीण, आजारी यांना पिकअप किंवा एसटीनं एक दिवस आधीच पाहुण्यांकडे किंवा निवारा केंद्रात पाठवलं तर पुढचं ओझं निम्मं होतं. जवळच्या उंच गावापर्यंत चालत जाण्यासारखं असेल तर जनावरं हाकत नेणं हेही वाहनच समजा, आणि भरवशाचं. बैलगाडी मात्र पाण्यात घालू नये. मोकळा बैल पोहून निघतो, जू मानेवर असलेला बुडतो.

जनावरं नेता आलीच नाहीत तर निदान दावी सोडून जा. खुट्याला बांधलेलं जनावर जागेवरच मरतं.

पाणी चढल्यावर उरते ती बोट, आणि काही गावांत काहील. गुळाच्या काहिलीतून ओढा ओलांडणारे लोक आजही आहेत. पण काहील गोल असते, जागच्या जागी फिरते, एकजण उठून उभा राहिला तरी कलंडते. संथ पाण्यात वैरणीचा भारा आणायला ठीक, पोरंबाळं न्यायला नाही. बोटीचंही तसंच. 8 ऑगस्ट 2019 ला सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळला बोट उलटली ती क्षमतेपेक्षा जास्त माणसं बसल्यानं. ‘पुढची फेरी येईल का नाही’ या भीतीनं सगळे एकदम चढतात. बोटीत बसताना लाइफ जॅकेट मागायचं, नसेल तर रिकामा, घट्ट झाकणाचा प्लॅस्टिकचा कॅन धरून बसायचं आणि काही झालं तरी उभं राहायचं नाही. सामान चढवायचं नाही. कागदपत्रं आणि औषधं पिशवीत, बाकी राहू दे.

बाहेर पडल्यावर आठ-पंधरा दिवस काढायचे असतात हेही निघताना ध्यानात ठेवावं लागतं. 2019 ला पुणे-बेंगळूरू महामार्ग बंद पडला आणि कोल्हापुरात पेट्रोल-डिझेल मिळेनासं झालं. त्यामुळे जुलैपासून ट्रॅक्टरची टाकी भरलेली आणि एक कॅन वेगळा ठेवलेला बरा. छावणीत पहिले दोन दिवस वैरणीची ओढाताण असते, म्हणून जनावरांबरोबर दुसऱ्या फेरीत मुरघासाच्या चार पिशव्या आणि पेंडीचं पोतं गेलं तर दूध आटत नाही. ट्रॅक्टरच्या बॅटरीवर मोबाईलही चार्ज होतो, फक्त तशी पिन आधी घेऊन ठेवायला लागते.

अडकलात तर जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्ष 1077, पोलीस मदत 112, रुग्णवाहिका 108. फोन करताना गावाच्या नावाबरोबर गल्ली, जवळची उंच इमारत, माणसं किती आणि त्यात न चालू शकणारी किती, एवढं सांगा. बोटवाल्याला पाण्यात सगळी गल्ली सारखीच दिसते.