रेडिएशननंतरचा जबडा: गैरसमज आणि वस्तुस्थिती

तोंडाच्या कर्करोगावर रेडिएशन पूर्ण करून महाड-पोलादपूरला परतलं की उपचार संपले, पुढचं दाताचं दुखणं साधंच, ही समजूत सर्वांत महागात पडते. किरणांमुळे जबड्याच्या हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, हाड घडवणाऱ्या पेशी घटतात. खालच्या जबड्याचा रक्तपुरवठा मुळातच तुटपुंजा. तिथे किरणांची ६० ग्रेहून अधिक मात्रा गेली असेल तर दात काढल्याची जखम न भरण्याचा, हाड उघडं पडून मरण्याचा धोका वाढतो. हा धोका जन्मभर राहतो. म्हणून सगळेच दात आधी काढून टाकावेत का? नाही. न वाचणारे दात रेडिएशनच्या किमान दोन आठवडे आधी काढावेत, बाकीचे जपावेत. यात उपचार लांबतील ही शंका रास्त आहे. पण किरण देताना डोकं स्थिर ठेवणारा मुखवटा बनवण्यात आणि किरणांच्या आखणीतही दिवस जातातच. निदान होताच दात तपासले तर जखम त्याच काळात भरू लागते. गाठ झपाट्याने वाढत असेल, तर मात्र आधी कर्करोगाचा उपचार.

दुसरा आक्षेप अंतराचा. दर वेळी परळचं टाटा रुग्णालय किंवा खारघरचं ॲक्ट्रेक कर्करोग केंद्र कसं गाठायचं? त्याची गरज नाही. रेडिएशनने लाळ आटल्याने दात लवकर किडतात हे खरं, पण रोजचं फ्लोराइड, वेळेवर सिमेंट भरणं, रूट कॅनाल ही कामं महाडमध्येही होऊ शकतात. मात्र दंतवैद्याला रेडिएशनची फाइल आधी दाखवावी आणि दात काढणं टळतच नसेल, तर कर्करोग केंद्राला विचारूनच काढावा. मिश्री-तंबाखू कायमची सोडावी, टोचणारी कवळी लगेच दुरुस्त करून घ्यावी.

हाड उघडं दिसलं म्हणजे कर्करोग उलटलाच असं नाही, पण तशी शक्यता तपासून घ्यावीच लागते. अँटिबायोटिक जंतुसंसर्ग आवरतं, मेलेलं हाड जिवंत करत नाही. जास्त दाबाने ऑक्सिजन देणाऱ्या चेंबरचंही तसंच. १९८५च्या एका अमेरिकी अभ्यासाने त्याबद्दल मोठी आशा जागवली होती. २०१९च्या ब्रिटिश चाचणीत मात्र चेंबर घेतलेल्यांत ६.४ टक्के आणि न घेतलेल्यांत ५.७ टक्के रुग्णांना हाड मरण्याचा त्रास झाला. दुखणं बळावलं, तर मेलेलं हाड कापून पायाच्या हाडाने जबडा उभारावा लागतो. त्या शस्त्रक्रियेपेक्षा गावाजवळ वेळेवर भरलेला दात कितीतरी स्वस्त आणि सोसवणारा आहे. म्हणून रेडिएशन झालेल्या प्रत्येकाने दर काही महिन्यांनी दात तपासून घेतलेच पाहिजेत.