वेळ साधणे : आखाड्यातील आणि पेढीवरील

आपल्या पेठेत एखाद्याचा सौदा अचूक उतरला म्हणजे 'त्याने वेळ बरोबर साधली' असे आपण म्हणतो, आणि त्या म्हणण्यात थोडे कौतुक व थोडी असूयाही असते. जणू वेळ हे अंगणात उतरलेले एखादे पाखरू असून त्या गृहस्थाच्या हाती ते योगायोगानेच लागले! आम्ही धान्याच्या घाऊक व्यापारात चाळीस वर्षांहून अधिक काळ घालविला आहे. तत्पूर्वी तालमीच्या लाल मातीत थोडेफार अंगही मळविले आहे. या दोन्ही ठिकाणी जे पाहिले, त्यावरून आमचे असे मत झाले आहे की, वेळ साधण्याची क्रिया क्षणाची असली तरी तिची सिद्धता फार आधीपासून चाललेली असते. आणि तो क्षण येतो तेव्हा मनुष्य कोठे व कसा उभा आहे यावरच बहुतेक सारे अवलंबून असते.

आमच्या बेळगाव प्रांतास कुस्ती नवी नाही. कोल्हापुरास शाहू महाराजांनी खासबागेचे मैदान बांधविले व तालमींस आश्रय दिला. त्या वाऱ्याने सीमेवरील गावोगावच्या मातीसही रंग चढला. १९५९ साली पहिले हिंदकेसरी ठरलेले श्रीपती खंचनाळे हे आपल्या चिकोडी तालुक्यातील एकसंब्याचे. तेव्हा वाचकांपैकी पुष्कळांनी मोठी मैदाने पाहिली असतील. परंतु मैदानात आपण काय पाहतो? खडाखडी चालू असता आपल्याला कंटाळा येतो. मग एकाएकी डाव पडतो, प्रतिस्पर्धी चीतपट होतो आणि टाळ्यांचा कडकडाट होतो. आपल्या लक्षात तो डाव राहतो. वस्ताद मात्र डावाकडे पाहत नाही; तो दोघांच्या पायांकडे पाहत असतो.

याचे कारण उघड आहे. ज्या पायावर शरीराचा भार आहे तो पाय त्या घटकेस उचलता येत नाही. प्रतिस्पर्धी पुढे रेटा देतो तेव्हा त्याचा भार पुढच्या पायावर येतो. त्याच वेळी त्यास पुढेच ओढले तर त्याचेच बळ त्यास खाली आणते. तोच डाव निमिषभर आधी टाकला तर समोरचा सावध होतो, आणि निमिषभर उशिरा टाकला तर त्याने पाय सावरलेला असतो. हे निमिष हाती लागावे म्हणून काय करावे लागते? गुडघे वाकलेले, अंग खाली, भार टाचांवर न ठेवता चवड्यांवर, आणि दोन्ही पायांत पुरेसे अंतर, असा पवित्रा धरून राहावे लागते. जो ताठ उभा आहे त्यास संधी दिसते, पण तिच्याजवळ पोहोचता येत नाही. खडाखडीत मल्ल जे मानेवर हात टाकून मागेपुढे सरकत असतात, तो वेळेचा अपव्यय नव्हे. ते जागा मिळविणे होय.

या पवित्र्यामागे पुन्हा वर्षांची मेहनत उभी असते. पहाटेचे जोर, बैठका, माती उकरणे, आणि एकच डाव शेकडो वेळा जोडीदारावर करून पाहणे. डाव आठवावा लागला की वेळ गेलीच. तो हाताने मनास न विचारता केला पाहिजे. म्हणून वस्ताद नवशिक्यास दहा डाव शिकवीत नाही. दोन शिकवितो आणि ते अंगात मुरेपर्यंत तिसऱ्याचे नाव काढू देत नाही.

या बाबतीत कै. खाशाबा जाधव यांचे चरित्र विचार करण्यासारखे आहे. कऱ्हाडजवळील गोळेश्वरचा हा मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये उतरला. सारे आयुष्य मातीवर खेळलेल्या या तरुणास गादीवरील कुस्ती नवखी होती. तरी त्याने सहावा क्रमांक मिळविला. पुढील चार वर्षे त्याने त्या नवखेपणाचीच भरपाई करण्यात घालविली आणि १९५२ साली हेलसिंकीस, अधिक वजनाच्या गटात उतरून, कांस्यपदक मिळविले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. 'ढाक' हा त्याचा आवडता डाव. प्रतिस्पर्ध्याचे मस्तक पकडीत घेऊन त्यास भुईवर आणावयाचे. पाहणाऱ्यास ती विजेची चपळाई वाटावी. परंतु त्या चपळाईच्या पोटी चार वर्षांचा अभ्यास होता.

या कथेस आणखी एक बाजू आहे, आणि आमच्या मते व्यापारी कुटुंबांनी तीच अधिक ध्यानात ठेवावी. हेलसिंकीच्या प्रवासास पैसा नव्हता. राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी आपले घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, असे सांगतात. म्हणजे त्या मल्लास योग्य वेळी योग्य जागी उभे करणारे हात दुसऱ्याचेच होते. उलट, प्रत्यक्ष स्पर्धेत एक दीर्घ कुस्ती संपते न संपते तोच त्यास दुसरीस उतरावे लागले. दोन कुस्त्यांच्या मध्ये विश्रांतीचा नियम होता. परंतु तो नियम पुढे करून भांडणारा आपला अधिकारी तेथे नव्हता, असे त्या प्रसंगाविषयी सांगितले जाते. थकलेला मल्ल हरला. तयारी त्याची पूर्ण होती. उणी होती ती त्याच्या पाठीमागच्यांची. वेळ साधणे हे एकट्याचे काम नव्हे, हा धडा यातून घ्यावयाचा.

आता पेढीकडे वळू. धान्याच्या व्यापारात हंगाम वर्षातून एकदा येतो. शाळू फाल्गुनात खळ्यावरून निघतो, गहूही त्याच सुमारास. आणि मृगाचा पाऊस काही आपल्यासाठी थांबत नाही. या अवधीत माल वाळलेला हवा. ओलावा शेकडा १२ च्या वर राहिला की टोका आणि बुरशी यांना आमंत्रणच. गोदामात फळ्या घातलेल्या हव्या, थप्पी भिंतीपासून दीड-दोन फूट दूर हवी, कौले व पन्हळी वळवाच्या आधी पाहिलेल्या हव्या. भाद्रपदात चांगल्या मालास मागणी येते तेव्हा ज्याचा माल निर्मळ निघतो, तो भाव पाहून विकतो. ज्याचा किडलेला निघतो, तो मिळेल त्या भावास काढून टाकतो. दोघांनीही तेजी एकाच दिवशी पाहिली. पण एकाचेच पाय जागेवर होते.

अलीकडील एक उदाहरण घ्या. १३ मे २०२२ रोजी सरकारने गव्हाच्या निर्यातीवर बंदी घातली. कांडला बंदरावर गव्हाने भरलेल्या मालमोटारींच्या रांगा लागल्या. चार दिवसांनी थोडी सवलत मिळाली ती अशी, की जो माल १३ मेपर्यंत तपासणीसाठी सीमाशुल्क खात्याच्या स्वाधीन होऊन त्यांच्या दप्तरी नोंदला गेला होता, तो जाऊ द्यावा. पाहा, येथे भावाचा अंदाज, ओळखीपाळखी, चातुर्य यांपैकी काहीच कामास आले नाही. ज्याचे कागद वेळच्या वेळी पुरे झाले होते त्याचा माल गेला. 'उद्या करू' म्हणणाऱ्याचा फाटकाबाहेर राहिला.

मात्र सिद्धता म्हणजे साठेबाजी, असा अर्थ कोणी घेऊ नये. जून २०२३ मध्ये गव्हाच्या साठ्यावर मर्यादा आली, ती व्यापाऱ्यास ३,००० टन होती. सप्टेंबरात ती २,००० व डिसेंबरात १,००० टनांवर आणली गेली. केवळ चढ्या भावाच्या आशेवर वखारी भरून बसणारा मनुष्य हा ताठ उभ्या असलेल्या मल्लासारखा होय. धक्का बसेपर्यंत तो मोठा भक्कम दिसतो. खरा पवित्रा हलका असतो. त्यात पुढे जाता येते तसे मागेही सरकता येते. उसनवारी थोडी, हिशेब ताजा, आणि थोडी रोकड हाताशी, इतके असले म्हणजे पाय मोकळे राहतात.

ऑगस्ट २०१९ चा महापूर आपणा सर्वांच्या स्मरणात आहे. सांगलीस आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट. त्या वेळी पाणी ५७ फुटांवर गेले. आमच्या परिचयाचे तेथील एक व्यापारी आहेत. पाणी चढू लागले त्या रात्री त्यांची बहुतेक पोती वरच्या मजल्यावर गेली; शेजारच्या दुकानातील भिजली. लोक म्हणाले, 'यांना वेळीच सुचले.' आम्ही त्यांना विचारले तेव्हा ते म्हणाले, 'सुचले सगळ्यांनाच. पण मध्यरात्री हमाल कोणाकडे येणार?' मंदीच्या महिन्यांतही त्यांनी आपल्या हमालांची मजुरी कधी अडकविली नव्हती, कोणाच्या घरी आजारपण आले तर विचारपूस चुकविली नव्हती. त्या रात्री हाक मारताच बाराजण आले. त्यांतील काहींच्या स्वतःच्या घरात पाणी शिरत होते. ती पोती एका रात्रीत वर गेली असे आम्हांस वाटत नाही. दहा वर्षे ती एकेक पायरी वर चढत होती.

आमच्या तरुण मंडळींच्या हाती आज भ्रमणध्वनीवर देशभरचे भाव क्षणोक्षणी दिसतात. ही सोय आमच्या वेळी नव्हती, व तिचे आम्हांस कौतुकच आहे. परंतु भाव सर्वांनाच एकाच वेळी दिसू लागला, तेव्हा तो पाहण्यात विशेष ते काय राहिले? फरक पडतो तो पाहणाऱ्याच्या उभे राहण्यात. म्हणून मुलांना पेढीवर बसविताना प्रथम गादीवर बसवू नये. गोदामात न्यावे, मूठभर दाणे दातांखाली धरावयास लावावे, हमालांची नावे पाठ करवावी, खतावणी रोजच्या रोज पुरी करावयास शिकवावे. आणि आपण वडील माणसांनी, त्यांच्या वतीने नियम पुढे करून बोलावयास, गरज पडल्यास पदरमोड करावयास, जवळ उभे असावे. आपली ही संस्था तरी दुसऱ्या कशासाठी आहे?

असो. वेळ कोणास सांगून येत नाही हे खरे. पण ती येण्याचा रस्ता मात्र बहुधा ठाऊक असतो. वळवाचे पाऊस जवळ आले आहेत. ज्यांनी पन्हळी अद्याप पाहिल्या नसतील, त्यांनी हा लेख बाजूस ठेवून आधी त्या पाहाव्या, इतकीच विनंती आहे.