ध्वनीहून वेगवान मोटार : विक्रमामागील विज्ञान

अमेरिकेच्या नेवाडा राज्यातील ब्लॅक रॉक वाळवंटात १५ ऑक्टोबर १९९७ रोजी ब्रिटिश हवाई दलाचे वैमानिक अँडी ग्रीन यांनी ‘थ्रस्ट एसएससी’ या मोटारीतून ताशी १,२२७.९८५ किलोमीटर वेगाचा जागतिक विक्रम नोंदवला. जमिनीवर ध्वनीहून अधिक वेगाने प्रस्थापित झालेला हा पहिला विक्रम अद्याप अबाधित आहे.

वाऱ्याचा किंवा उताराचा लाभ मिळू नये, यासाठी मोटारीने ठरलेले अंतर एका तासाच्या आत दोन्ही दिशांनी कापावे, असा आंतरराष्ट्रीय मोटार महासंघाचा नियम आहे. दोन्ही फेऱ्यांची सरासरी ग्राह्य धरली जाते. त्या तासाभरातच मोटार थांबवून, तपासून, इंधन भरून परतीसाठी सज्ज करावी लागते. १३ ऑक्टोबर रोजी ‘थ्रस्ट’ने दोन्ही फेऱ्यांत ध्वनीचा वेग ओलांडला होता, मात्र परतीच्या फेरीला सुमारे एक मिनिट उशीर झाल्याने तो विक्रम ठरला नाही.

अशा मोटारीत इंजिनाची शक्ती चाकांना दिली जात नाही. जेट इंजिनाच्या रेट्यानेच ती पुढे जाते. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध किमान चौपट होतो. त्याहून गंभीर प्रश्न मोटार जमिनीवर टिकवण्याचा असतो. पुढचा भाग किंचित वर उचलला गेला, तरी हवा खाली शिरून मोटार उलटू शकते. त्यामुळे तिच्या आकाराची परीक्षा संगणकावर आणि रॉकेटच्या साहाय्याने रुळांवर धावणाऱ्या प्रतिकृतींवर आधीच घेण्यात आली होती.

याच चमूतील रिचर्ड नोबल आणि ग्रीन यांनी २००८ मध्ये ‘ब्लडहाउंड’ प्रकल्प जाहीर केला. ताशी १,००० मैल, म्हणजे सुमारे १,६०९ किलोमीटर वेगाचे उद्दिष्ट होते. त्या वेगात ९० सेंटिमीटर व्यासाच्या चाकाच्या कडेवर गुरुत्वाकर्षणाच्या ४५ हजार पट ताण येतो. रबरी टायर त्यात टिकणे अशक्य असल्याने ॲल्युमिनियमची भरीव चाके घडवण्यात आली. दक्षिण आफ्रिकेतील हॅक्सकीन पॅन या कोरड्या सरोवराच्या तळावरील १६ हजार टनांहून अधिक दगड स्थानिक रहिवाशांनी हातांनी वेचले, कारण एवढ्या वेगात लहानसा दगडही घातक ठरू शकतो.

विज्ञानाचे प्रश्न सुटत गेले, तरी पैशाचा प्रश्न कायम राहिला. २०१८ मध्ये निधीअभावी प्रकल्प थांबला. नव्या मालकाने तो सावरला. नोव्हेंबर २०१९ मध्ये युरोफायटर टायफून विमानाच्या इंजिनावर ही मोटार ताशी १,०१० किलोमीटरपर्यंत पोहोचली. पुढील टप्प्यासाठी रॉकेट जोडायचे होते. परंतु त्यासाठी निधी उभा न राहिल्याने २०२१ मध्ये मोटार विक्रीस काढण्यात आली. जुना विक्रम मोडण्यास आणखी केवळ २१८ किलोमीटर हवे होते. मात्र हे अखेरचे अंतरच सर्वांत महाग असते.