परवान्याचं रिव्हॉल्व्हर कमरेला लावताय? आधी पट्टा तपासा

अहिल्यानगर : १ ऑक्टोबर २०२४ च्या पहाटे अभिनेते गोविंदा यांच्या मुंबईतील घरी त्यांच्याच परवान्याच्या रिव्हॉल्व्हरमधून गोळी सुटली आणि त्यांच्या पायाला लागली. कपाटात ठेवताना रिव्हॉल्व्हर हातातून निसटलं, असं तेव्हा सांगण्यात आलं. घरात कुणी नसताना घडलं म्हणून एकट्यावर निभावलं. हेच एसटी स्टँडवर, बाजार समितीत किंवा लग्नाच्या मांडवात कमरेवरून निसटून घडलं, तर गोळी कुणाला लागेल याचा नेम नाही.

जिल्ह्यातल्या तालुक्यांत सराफ, पेट्रोल पंपचालक, रोकड घेऊन फिरणारे व्यापारी, माजी सैनिक असे परवानाधारक आहेत. परवान्यासाठी अर्ज, पोलिस पडताळणी, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या चकरा असं सगळं करून माणूस शस्त्र घेतो. शस्त्रावर भरपूर पैसा घालतो. पण ते अडकवतो कशाला? पँटबरोबर आलेल्या जुन्या, मऊ पडलेल्या पट्ट्याला. खरी गडबड तिथंच होते.

झाकून नेणं ही हौस नाही, नियम आहे

शस्त्र नियम, २०१६ नुसार सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर नेताना ते त्यासाठीच बनवलेल्या होल्स्टरमध्ये किंवा तशाच धारकात असावं लागतं. ते पूर्ण झाकलेलं असावं आणि बाळगणाऱ्याचा त्यावर ताबा असावा, असंही नियम सांगतो. चारचौघांत शस्त्र मिरवायला सक्त मनाई आहे. नियम मोडला तर परवाना रद्द होऊन शस्त्र जप्त होऊ शकतं. शर्ट वर सरकून मूठ दिसली, तरी 'चुकून दिसलं' हे सांगत बसावं लागतं. म्हणजे झाकणं आणि ताबा, दोन्हींचा भार शेवटी पट्ट्यावर येतो.

मऊ पट्ट्याने काय होतं?

कानपूरला तयार होणारं 'निर्भीक' हे हलकं रिव्हॉल्व्हर साधारण ५०० ग्रॅमचं आहे. पोलादी रिव्हॉल्व्हर त्याहून जड. त्यात सहा काडतुसं आणि होल्स्टरचं वजन वेगळं. पाऊण किलोच्या आसपासचं हे ओझं कमरेच्या एकाच बाजूला लटकतं. मऊ पट्टा तिथं पिळला जातो. वरची कड बाहेर झुकते, मूठ अंगापासून सुटते आणि शर्टाला उंचवटा येतो. पँट एका बाजूने खाली ओढली जाते. मग दर दहा पावलांना हात कमरेकडे. पाहणाऱ्याला न सांगता कळतं की इथं काहीतरी आहे. मोटारसायकलच्या दणक्यांनी किंवा बसता-उठता होल्स्टरच वर सरकला, तर शस्त्र कधी पडलं ते कळतही नाही.

जुन्या धाटणीच्या काही रिव्हॉल्व्हरमध्ये मागचा घोडा थेट काडतुसावर टेकतो. असं रिव्हॉल्व्हर घोड्यावर आपटलं तर गोळी सुटू शकते. म्हणून जाणकार घोड्याखालचं घर रिकामं ठेवतात.

पट्टा कसा निवडावा?

रुंदी : दीड इंच ही सोयीची रुंदी. पँटच्या लुप्समधून जाते आणि भारही पसरतो. होल्स्टरची पट्टी आणि पट्टा एकाच मापाचे हवेत. सैल असेल तर होल्स्टर पुढे-मागे सरकतो.

जाडी : चार ते पाच मिलिमीटर. चामड्याचे दोन थर एकावर एक शिवलेले असतील तर उत्तम. म्हशीचं जाड कातडं यासाठी चांगलं. 'जेन्युइन लेदर' एवढ्या शिक्क्यावर भुलू नये. चामड्याचा भुगा चिकटवून केलेले पट्टे काही महिन्यांतच सोलतात आणि लवतात.

परीक्षा : पट्टा आडवा, कडेवर धरा. एक टोक हातात ठेवून वीतभर भाग पुढे सोडा. लगेच मान टाकली तर तो कामाचा नाही. मग दोन्ही हातांनी पिळून बघा. अंगाभोवती वळला पाहिजे, पण कडेच्या दिशेने सहज पिळला जाता कामा नये.

बक्कल : जाड, भरीव, एका काट्याचं. रिव्हेट आणि शिलाई दोन्ही असतील तर चांगलं. भोकं जवळजवळ असावीत, म्हणजे जेवणानंतर पट्टा थोडा सैल करता येतो आणि होल्स्टर लोंबत नाही.

माप : होल्स्टर पँटच्या आत घालणार असाल तर कमरेचा घेर वाढतो. नेहमीपेक्षा सुमारे दोन इंच मोठा पट्टा घ्यावा. माप घेताना होल्स्टर घालूनच घ्यावं.

घामाचा त्रास असेल तर कडक विणीचा जाड नायलॉनचा पट्टाही चालतो. पण शाळेच्या दप्तराच्या पट्ट्यासारखा लवणारा नको.

गावात चामड्याचं काम करणारा चांगला कारागीर असेल तर त्याच्याकडून करून घेणं कधीही बरं. जाताना फक्त रिकामा होल्स्टर न्यावा. शस्त्र दुकानात नेऊन दाखवत बसू नये.

पायजमा, धोतरवाल्यांचं काय?

नाडीच्या भरवशावर रिव्हॉल्व्हर ठेवणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. पायजमा किंवा धोतरावर, सदऱ्याच्या आत स्वतंत्र रुंद पट्टा घट्ट बांधावा आणि होल्स्टर त्यालाच अडकवावा. बंडीच्या खिशात किल्ल्या-सुट्ट्या पैशांबरोबर शस्त्र ठेवणं तर त्याहून वाईट. किल्ली चापात अडकायला वेळ लागत नाही.

पट्टा कितीही चांगला, होल्स्टर नसेल तर व्यर्थ

होल्स्टर असा हवा की चाप पूर्ण झाकला जाईल. नुसतं कमरेला खोचणं ही सिनेमातली सवय आहे. पाठीच्या मणक्यावरही शस्त्र लावू नये, गाडीवरून पडल्यास तेच टोचतं. नवा पट्टा आल्यावर शस्त्र पूर्ण रिकामं करून, दोनदा तपासून घरातच बसून, वाकून, जिना चढून बघावं. काडतुसं त्या वेळी दुसऱ्या खोलीत ठेवावीत.

ऊन-घामाने भिजलेला पट्टा सावलीत वाळवावा. चामड्याच्या होल्स्टरमध्ये शस्त्र रात्रभर ठेवू नये, ओलाव्याने गंज चढतो. महिन्यातून एकदा बक्कलजवळची शिलाई बघावी. पट्टा आधी तिथंच तुटतो.

हेही ध्यानात असू द्या

सणासुदीला किंवा आंदोलनांच्या काळात महाराष्ट्र पोलिस कायद्याच्या कलम ३७ नुसार शस्त्र बाळगण्यावर बंदीचे आदेश निघतात. निवडणुकीत शस्त्रं जमाही करावी लागतात. घराबाहेर पडण्याआधी चौकशी करावी. शिर्डी, शनिशिंगणापूरसारख्या गर्दीच्या ठिकाणी जाताना शस्त्र घरीच कुलूपबंद ठेवलेलं बरं. लग्नात हवेत बार काढून इतरांचा जीव धोक्यात घातला, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. शस्त्र हरवलं तर तासभरही न थांबता पोलिस ठाणं गाठावं.

आणि हे सगळं परवानाधारकांसाठी. गावठी कट्टा कमरेला लावणाऱ्याला कुठलाच पट्टा वाचवू शकत नाही, थेट गुन्हा दाखल होतो. परवाना असणाऱ्यांनी एवढं करावं : आज घरी गेल्यावर कमरेचा पट्टा काढून कडेवर धरून बघावा. त्याने मान टाकली, तर उद्याच बदलावा.