गणिताचा पेपर आणि पायऱ्यांचे गुण

दहावीचा बीजगणिताचा पेपर सुटला की विद्यार्थी उत्तरे ताडून पाहू लागतात आणि एका आकड्याच्या फरकाने त्यांचे चेहरे उतरतात. आम्ही त्यांना समजावतो की, अधिक गुणांच्या प्रश्नांत केवळ अंतिम उत्तर तपासले जात नाही. सूत्र, किंमती घालणे, आकडेमोड अशा योग्य पायऱ्यांनाही गुण असतात. शिवाय बीजगणित ४०, भूमिती ४० आणि अंतर्गत मूल्यमापन २० अशा १०० गुणांपैकी एकत्रित ३५ गुण उत्तीर्णतेस पुरेसे असतात. म्हणून बीजगणिताची हळहळ करीत भूमितीकडे दुर्लक्ष करणे, यातच खरे नुकसान आहे. निकालानंतर गुणपडताळणी व पुनर्मूल्यांकनाची सोय असते. अनुत्तीर्णांसाठी पुरवणी परीक्षाही असते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९०७ साली मॅट्रिक उत्तीर्ण झाले, तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. पुढे कोलंबिया आणि लंडन या दोन्ही विद्यापीठांची सर्वोच्च पदवी त्यांनी मिळविली. ज्या घरातून पहिलेच लेकरू दहावीपर्यंत पोहोचले आहे, तेथे एका पेपरच्या धास्तीने शिक्षण थांबता कामा नये. पालकांनी त्या सायंकाळी वसतिगृहात फोन करून भूमितीच्या तयारीचीच विचारपूस करावी.